नागपूरकर भोसल्यांची वंशावळ : एक भाषिक परीक्षण

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाची जी साधने मराठीत उपलब्ध आहेत, त्यांतील वंशावळीचा भाग बहुधा सर्वांत घाईने वाचला जातो. लढाया, तह, खंडण्या, मुलूखगिरी यांच्या हकिगती अभ्यासक बारकाईने पारखतात. वंशावळ मात्र ग्रंथाच्या आरंभी किंवा अखेरीस तक्त्याच्या रूपाने छापावयाची आणि सनाचा वा नात्याचा घोटाळा झाला म्हणजे तिच्याकडे वळावयाचे, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर, तिचे संपादक यादव माधव काळे यांचे ‘वऱ्हाडचा इतिहास’ (१९२४) आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) हे ग्रंथ, इंग्रजीत ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास (१८२६) आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा नागपूरच्या मुलुखाविषयीचा अहवाल (१८२७) ही या विषयाची नेहमीची साधने होत. त्यांच्या आधारे काम करणारा विद्यार्थी वंशावळीला माहिती समजतो. ती एक रचना आहे, तिला स्वतःची परिभाषा आहे आणि त्या परिभाषेतून काही हक्क सांगितलेले असतात, याची दखल क्वचितच घेतली जाते. या घराण्याच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडणारी आहे; कारण वंशावळीच्या एका विशिष्ट वाचनावरच १८५४ साली हे राज्य खालसा झाले.

प्रथम शब्दाचा विचार करणे योग्य होईल. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू, आणि ‘आवलि’ म्हणजे ओळ, रांग. पेरामागून पेर येत जावे तशी माणसामागून माणसाची ओळ, असा ‘वंशावळ’ या शब्दाचा मूळ भाव आहे. आजच्या छापील ग्रंथांत जो तक्ता दिसतो तो वृक्षाचा असतो: एका बुंध्यापासून फांद्या, फांद्यांपासून डहाळ्या, आणि ज्या डहाळीस पुढे काही नाही ती तेथेच खुंटलेली. या दोन प्रतिमांत भेद आहे. ओळीत महत्त्व असते ते मागच्याची जागा पुढच्याने घेण्याला. वृक्षात महत्त्व असते ते कोण कोणापासून निघाला याला. मराठीत ‘नाव चालविणे’, ‘नाव राखणे’, ‘वंश बुडणे’ हे जे प्रयोग रूढ आहेत, ते सारे ओळीच्या बाजूचे आहेत. नाव चालविणारा पोटचाच असला पाहिजे असे त्यांपैकी एकही प्रयोग म्हणत नाही.

आता ही ओळ प्रत्यक्ष कशी चालली ते पाहावे. घराण्याचे मूळ ठिकाण पुणे प्रांतातील हिंगणी. म्हणून हे हिंगणीकर भोसले. मुधोजीचे पुत्र बापूजी, साबाजी आणि परसोजी. यांतील परसोजीस छत्रपती राजाराम महाराजांकडून १६९९ साली सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून परतला तेव्हा त्याला प्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी अग्रणी होता. १७०९ साली तो वारला व पद त्याचा पुत्र कान्होजी याजकडे गेले. कान्होजीचे शाहूशी बिनसले; शाहूने त्याच्यावर त्याच्याच घरातील रघूजीस पाठविले आणि कान्होजी कैद झाला. हा रघूजी बापूजीचा नातू, बिंबाजीचा पुत्र. म्हणजे कान्होजीच्या चुलतभावाचा मुलगा. अशा रीतीने १७३० च्या सुमारास पद परसोजीच्या शाखेकडून निघून बापूजीच्या शाखेत आले. रघूजीच्या मागून १७५५ साली त्याचा पुत्र जानोजी. जानोजीस संतान नव्हते. त्याने भाऊ मुधोजी याचा मुलगा रघूजी यास दत्तक ठरविले. १७७२ साली जानोजी वारल्यावर त्याची विधवा दर्याबाई ही दीर साबाजीच्या पक्षास मिळाली, आणि २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या हातून साबाजी मारला गेला, तेव्हा कोठे दत्तकाची गादी स्थिर झाली. रघूजी दुसरा १८१६ साली वारला. त्याचा पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बळ. १ फेब्रुवारी १८१७ रोजी त्याचा खून झाला आणि चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, १८१८ साली आप्पासाहेब पदच्युत झाला आणि रघूजी दुसरा याच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातील बाजीबा, हा दत्तक घेतला जाऊन रघूजी तिसरा झाला.

परसोजीपासून रघूजी तिसरा याच्यापर्यंत पद सात वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्यांपैकी बापाकडून औरस पुत्राकडे ते गेले अवघे तीन वेळा: परसोजीकडून कान्होजीकडे, रघूजीकडून जानोजीकडे, दुसऱ्या रघूजीकडून दुसऱ्या परसोजीकडे. उरलेल्या चारांत एकदा शस्त्र व सनद, एकदा पुतण्याचे दत्तविधान, एकदा खून, आणि एकदा दौहित्राचे दत्तविधान. वृक्षाच्या तक्त्यात ही सातही स्थित्यंतरे सारख्याच जाडीच्या उभ्या रेषेने दाखविली जातात, किंवा दत्तकाकरिता तुटक रेषा वापरली जाते. अखंड रेषा म्हणजे खरे आणि तुटक रेषा म्हणजे नाइलाजाने मान्य केलेले, असा संकेत त्यातून वाचकाच्या मनात नकळत रुजतो. तो कोठून आला याचा शोध पुढे घ्यावयाचा आहे.

या ओळीला एकत्र बांधणारे सूत्र कोणते? एक सूत्र अगदी डोळ्यासमोर आहे, आणि म्हणूनच ते दिसत नाही. ते नावांचे. या घराण्यात नावे थोडी आणि माणसे पुष्कळ. रघूजी तीन, मुधोजी तीन (मूळपुरुष, रघूजीचा पुत्र आणि आप्पासाहेब), परसोजी दोन, साबाजी दोन, बिंबाजी दोन. आज्याचे नाव नातवास ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती, तेव्हा यात काही नवल नाही असे कोणी म्हणेल. पहिल्या रघूजीने एका मुलास आपल्या बापाचे बिंबाजी हे नाव दिले, इतपत ते खरेही आहे. परंतु दत्तकाच्या वेळी काय होते ते पाहिले म्हणजे चालीपलीकडचे काही हाती लागते. गुजरांचा बाजीबा भोसल्यांच्या घरात आला आणि ‘रघूजी’ झाला. आहेरराव घराण्यात जन्मलेला यशवंतराव १८५३ नंतर दत्तक आला आणि ‘जानोजी’ झाला. दोघांचेही जन्मनाव सोडवून त्यांना घराण्याच्या साठ्यातील नाव देण्यात आले. विशेष हे की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठा सरदारांत ‘-राव’ अंती असलेल्या नावांचा प्रघात चांगलाच रुळला होता. ‘-जी’ अंती असलेली नावे जुन्या वळणाची वाटू लागली होती. तरीही यशवंतरावाचा जानोजी झाला. वळण जुने हवे होते, कारण जागा जुनी होती. येथे ‘रघूजी’ वा ‘जानोजी’ हे शब्द विशेषनामाचे काम सोडून अर्धेअधिक पदनामाचे काम करतात. ज्याला ते नाव मिळाले तो त्या जागी बसला. आणि नामकरणाची ती क्रिया हीच वंशाची खरी जोडणी, रक्त हे तिचे एक कारण, एकमेव नव्हे.

नात्यांच्या शब्दांवरही याचा परिणाम झालेला दिसतो. दुसऱ्या रघूजीच्या अल्पवयात कारभार पाहणारा मुधोजी हा जन्माने त्याचा बाप आणि दत्तविधानाने चुलता. १७८८ साली मुधोजी वारेपर्यंत सत्ता वस्तुतः त्याच्या हातात होती. म्हणून काही याद्यांत त्याची गणना राज्यकर्त्यांत होते, काहींत होत नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत. एक सत्तेची ओळ मोजते, दुसरी नावाची.

पदाच्या नावाचा प्रश्न याहून वेगळा, पण त्याला लागूनच आहे. ‘सेनासाहेबसुभा’ हा समास संस्कृत ‘सेना’, अरबी ‘साहेब’ आणि अरबी-फारशी वळणाचा ‘सुभा’ यांचा बनलेला आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोशाच्या द्वारा अधिकारनामे संस्कृत करण्याचा जो यत्न झाला, त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच असा संकर राजपत्रात यावा, ही भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. येथे महत्त्वाचे इतकेच की हे पद राजाचे नव्हे, छत्रपतींच्या सेवकाचे आहे, आणि त्याची वस्त्रे साताऱ्याहून यावयाची असत. जानोजी आणि मुधोजी यांच्या वादात याचा प्रत्यय येतो. जानोजी वयाने वडील. मुधोजी वडील राणीचा मुलगा. वडीलकी जन्माने मोजावी की आईच्या पायरीने, हा वाद घरात मिटला नाही. पुण्यास पेशव्यांपुढे गेला. निवाड्यात जानोजीस सेनासाहेबसुभा हे पद, मुधोजीस सेनाधुरंधर ही नवी पदवी आणि चांद्याचा मुलूख, बिंबाजीस छत्तीसगड, साबाजीस वऱ्हाडाकडील भाग अशी वाटणी झाली. प्रतिस्पर्ध्यास नवे नाव घडवून देऊन जुने नाव एकट्याकडे ठेवावयाचे, ही त्या निवाड्यातील युक्ती. मुलूख चौघांत वाटता आला. नाव वाटता आले नाही.

इंग्रजी कागदांत हेच पद ‘बेरारचा राजा’ असे उतरते. यात दोन चुका आहेत. नागपूरकर हे साताऱ्याच्या दप्तरात राजे नव्हते. आणि वऱ्हाडात निजामाशी त्यांची दुअमली होती, तो मुलूख सर्वस्वी त्यांचा कधीच नव्हता. १८०३ च्या देवगावच्या तहाने तर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेलेच. ‘भोंसला’ हे इंग्रजीतील रूपही असेच विचार करण्याजोगे आहे. मराठीत एकवचन ‘भोसला’, आदरार्थी बहुवचन ‘भोसले’, आणि विभक्तीपूर्वी ‘भोसल्यां-’ असे रूप होते. मराठी माणूस कुळाचे नाव घेतो ते बहुवचनी. त्या ‘ए’कारात आदर आहे आणि समूहही आहे. फारशी व हिंदुस्थानी पत्रव्यवहाराच्या मार्गाने इंग्रजांकडे पोहोचले ते एकवचनी ‘भोंसला’: एक माणूस, एक पक्षकार. शिंद्यांचेही असेच झाले. मधल्या अनुस्वारासंबंधी इतकेच सांगावयाचे की तो जुन्या मराठी लेखनातही भरपूर आढळतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेल्यावर मराठीत ‘भोसले’ स्थिरावले, इंग्रजीत मात्र तो अनुनासिक आजवर टिकून आहे.

वंशावळीच्या वरच्या टोकाकडे वळले म्हणजे वाद अधिक तीव्र होतात. सातारकर आणि नागपूरकर भोसले एकाच मूळपुरुषाचे का? आणि ते मूळ उदेपूरच्या सिसोदियांत नेऊन भिडवावयाचे काय? ग्रँट डफने पहिल्या प्रश्नाला जवळजवळ नकारार्थी उत्तर दिले आहे. पाटिलकीच्या हक्कावरून पूर्वी कधी भांडण झाल्याची दंतकथा सोडली, तर दोन घराण्यांत दाखविता येण्याजोगे नाते एकच, ते म्हणजे शाहूने आपल्या शिर्के घराण्यातील राणीच्या बहिणीशी रघूजीचे लग्न लावून दिले ते, असे त्याचे मत आहे. मराठीत हे नाते ‘साडू’ या शब्दाने व्यक्त होते, आणि हा शब्द डफच्या हाती नसल्याने त्याच्या विधानाचे वजन नीट ठरविता येत नाही. मराठी नातेव्यवस्थेत ‘भाऊबंद’ आणि ‘सोयरे’ हे दोन वर्ग परस्परांपासून काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. डफचा पुरावा सोयरिकीचा असता, म्हणजे भोसल्यांची मुलगी भोसल्यांत गेली असती, तर एकवंशीयत्वाचा प्रश्न निकालात निघाला असता. परंतु साडूचे नाते दोघांच्या बायकांवरून येते. एकाच कुळातील दोन पुरुषांनी दोन बहिणी केल्या तर त्यांत व्यवहाराला काहीच बाधा नाही. तेव्हा या विवाहाने नाते सिद्ध होत नाही हे डफचे म्हणणे खरे. पण त्याने ते असिद्धही होत नाही.

सिसोदिया वंशाच्या कथेला मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. सतराव्या शतकात राज्याभिषेकाच्या निमित्ताने या कथेला जे स्थान मिळाले ते सर्वश्रुत आहे. भोसले या नावाची व्युत्पत्ती कोणी ‘भोसाजी’ या पुरुषनामापासून, कोणी ‘भोसे’ या ग्रामनामापासून लावतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (२००१) या ग्रंथात हे नाव दक्षिणेकडील होयसळ या राजवंशनामाशी जोडले. ढेऱ्यांच्या मांडणीचे सामर्थ्य दैवतांच्या आणि स्थलांतराच्या पुराव्यात आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या पुराव्यात ती तितकी बळकट नाही. कन्नडात शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ होतो, त्यामुळे ‘पोय्सळ’पासून ‘होयसळ’ हे नियमाला धरून आहे. परंतु ‘प’ किंवा ‘ह’ यांपासून मराठीत घोष महाप्राण ‘भ’ येण्यास समांतर उदाहरणांची मालिका दाखविली पाहिजे. एकट्या नामसाम्यावर ते गृहीत धरता येत नाही. व्युत्पत्तीचा निर्णय व्हावयाचा असेल तर तो अशा मालिकेने होईल, अभिमानाने वा अभिमानभंगाने नव्हे.

या वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा एक अंतर्विरोध आजवर पुरेसा पुढे मांडला गेलेला नाही. दत्तकासंबंधीच्या निबंधग्रंथांत, व्यवहारमयूखात तसेच दत्तकमीमांसेत, दौहित्र आणि भागिनेय यांना दत्तक घेण्याचा निषेध त्रैवर्णिकांपुरता आहे. शूद्रांना ती मोकळीक दिलेली आहे. १८१८ साली गादीवर बसलेला रघूजी तिसरा हा दौहित्र. म्हणजे सिसोदिया क्षत्रियत्व अक्षरशः मानले तर शास्त्राच्या कडक अर्थाने हे दत्तविधान अडते, आणि दत्तविधान निर्वेध मानले तर शास्त्री मंडळी वरच्या टोकाकडे बोट दाखविणार. घराण्याने हा पेच सोडविण्याचा प्रयत्नच केला नाही, आणि त्यातच त्याचे व्यवहारज्ञान दिसते. मराठ्यांच्या रूढीत दौहित्र चालत होता; रूढी शास्त्राहून जवळची होती. वंशावळीचा मथळा एका भाषेत आणि तिचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, असे हे द्वैभाषिक आहे. मथळा दरबारासाठी लिहिलेला, व्यवहार घरासाठी. दोहोंचा मेळ घालण्याच्या खटपटीत आधुनिक अभ्यासकाने पडण्याचे कारण नाही, मात्र मथळ्याच्या भाषेने व्यवहाराचा निवाडा करू नये.

नेमका असा निवाडा १८५४ साली झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरा निपुत्रिक वारला. २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसी याने जो युक्तिवाद केला त्याचा सारांश असा: हे राज्य १८१८ साली कंपनीने राजाला व त्याच्या वारसांना दिले, राजाने हयातीत दत्तक घेतला नाही, विधवेनेही घेतलेला नाही, तेव्हा वारसाच्या अभावी ते दात्याकडे परत आले आहे. कौन्सिलातील कर्नल जॉन लो याने याविरुद्ध मत नोंदविले. त्याचा उपयोग झाला नाही. १८५४ च्या मार्चमध्ये राज्य खालसा झाले, आणि पुढे वाड्यातील जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. राण्यांनी यशवंतरावास दत्तक मानले होते, वृद्ध बांकाबाई घराण्याची बाजू मांडीत होती. पण टिपणाच्या भाषेत त्यांना जागाच नव्हती.

डलहौसीच्या युक्तिवादात तथ्याचा अंश मुळीच नव्हता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. वरिष्ठ सत्तेच्या मान्यतेवाचून वारसा पुरा होत नसे हे १७३०, १७५५ आणि १७७२ या तिन्ही प्रसंगी दिसते. साताऱ्याची वस्त्रे, पेशव्यांची संमती आणि १८१८ नंतर कंपनीची संमती ही एकाच साखळीची कडी होत. परंतु त्या तिन्ही जुन्या प्रसंगी विचारला गेलेला प्रश्न ‘या जागी कोण?’ हा होता. ‘ही जागाच राहावी काय?’ हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या शब्दसंग्रहात नव्हता. ‘वारस’ हा अरबी शब्द मराठीत रुळला तो औरस, दत्तक, पुतण्या, भाऊबंद या सर्वांना कवेत घेऊन. ‘बेवारस’ म्हणजे ज्याचे नाव सांगणारा कोणीच नाही तो. इंग्रजी टिपणात त्याचा प्रतिशब्द आला तो संकुचित होऊन. विधवेच्या अधिकाराबाबतही असेच झाले. महाराष्ट्रात मयूखाच्या परंपरेने विधवेस पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येतो. बंगालच्या परंपरेत तशी आज्ञा लागते. निर्णय कलकत्त्यास झाला.

गमतीची गोष्ट अशी की डलहौसीच्या स्वतःच्या घराण्यात हे सारे प्रश्न उपस्थित झालेले होते, आणि त्यांची उत्तरे नागपूरकरांसारखीच दिली गेली होती. तो स्कॉटलंडच्या रॅमसे घराण्याचा. त्याचा चुलता विल्यम रॅमसे यास मॉल घराण्यातील एका वडीलधाऱ्या आप्ताची इस्टेट मिळाली, ती मॉल हे आडनाव व त्या घराण्याचे चिन्ह धारण करून. रॅमसेचा मॉल झाला, बाजीबाचा रघूजी झाला, फरक पुरोहिताचा. पुढे १८६० साली डलहौसी वारला. त्याला पुत्र नव्हता. मार्क्विस ही पदवी त्याच्या औरस पुरुषसंततीपुरती मर्यादित असल्याने लुप्त झाली. परंतु जुनी अर्ल ही पदवी भाऊबंदकीच्या वाटेने चुलतभावाकडे, म्हणजे त्या विल्यमचा मुलगा फॉक्स मॉल याजकडे गेली, आणि त्याने मॉल-रॅमसे असे जोडआडनाव घेतले. एकाच माणसाच्या मृत्यूने ‘वारस’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच दिवशी लागू पडले: नव्या पदवीला वारस नाही, जुनीला आहे. इंग्रजी भाषेत हे दोन्ही अर्थ होते. नागपुराकरिता त्यांतील अरुंद अर्थ निवडण्यात आला.

युरोपातील थोर घराण्यांची वंशावळ रक्ताने चालते आणि आपल्याकडची दत्तकाने, असा जो सोपा भेद पाठ्यपुस्तकांतून केला जातो तो यामुळेच टिकत नाही. हाब्सबुर्ग घराण्याची पुरुषशाखा १७४० साली सहाव्या चार्ल्सबरोबर संपली. त्याची कन्या मारिया तेरेसा हिचा विवाह लोरेनच्या फ्रान्सिसशी झाला होता. त्यांची संतती पित्याच्या बाजूने लोरेनची. तरी घराणे ‘हाब्सबुर्ग-लोरेन’ या नावाने १९१८ पर्यंत राज्य करीत राहिले आणि इतिहासग्रंथ त्यांना सर्रास हाब्सबुर्गच म्हणतात. कन्येच्या पोटी नाव चालले. नागपूरच्या रघूजी तिसरा याचीही गोष्ट हीच. तेथे कन्येच्या मुलाला दत्तविधान लागले, येथे जोडनाव पुरले. तक्ते करणाऱ्यांनी मात्र एकाला अखंड रेषा दिली आणि दुसऱ्याला तुटक. वर ज्या संकेताचा उल्लेख केला त्याचे मूळ बहुधा येथे आहे: इंग्रजी अंमलातील दप्तरांनी दत्तकाकडे ज्या संशयाने पाहिले, तो संशय छपाईच्या तंत्राबरोबर मराठी ग्रंथांतही आला.

बखरकारांच्या पक्षी मग सर्व ठीक आहे काय? तसे मुळीच नाही. बखरीची वंशावळ नावाची ओळ जपते, परंतु ती जपताना ज्यांच्या हातून ओळ जोडली गेली त्या स्त्रियांना ती कडेला ठेवते. दर्याबाईचा उल्लेख येतो तो कारस्थानाच्या संदर्भात, बांकाबाईचा येतो तो कारभाराच्या. वंशाच्या रचनेत त्यांचे स्थान दाखविले जात नाही. तिसऱ्या रघूजीच्या राण्यांतही एक दर्याबाई होती. सूची करणाऱ्यांकडून या दोघींची गल्लत होण्याचा संभव आहे, आणि पुरुषांस ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ असे क्रमांक लावणाऱ्या ग्रंथांनी स्त्रियांस ते लावण्याची गरज मानलेली नाही. वस्तुतः १७७२ आणि १८५३ या दोन्ही वेळी ‘कोणाचे नाव चालवावयाचे’ हे ठरविणारा पक्ष अंतःपुरात होता. दुसरा दोष कथेच्या लोभाचा. परसोजीने शाहूबरोबर एका ताटात जेवून तो तोतया नाही हे लोकांस पटविले, ही जी कथा सांगितली जाते, ती घडली की नाही यापेक्षा ती सांगण्याचा हेतू तपासला पाहिजे. तिच्यात नागपूरकरांचा मूळपुरुष छत्रपतींच्या कुळाची शुद्धता प्रमाणित करतो. म्हणजे हा सेवक आप्त आहे, हे न सांगता सांगितले जाते. ज्या घराण्याची पहिली मोठी कामगिरी दुसऱ्याच्या वंशाची साक्ष देण्याची, त्याच्याच वंशाला पुढे साक्षीदार पुरले नाहीत.

खालसा झाल्यानंतरची हकिगत तक्त्यांत एका ओळीत उरकली जाते. १८५७ च्या उठावात राजवाडा इंग्रजांच्या विरोधात गेला नाही. बांकाबाई १८५८ साली वारली. आणि जानोजीस राजाबहादूर ही पदवी मिळाली, ती ‘देऊरचे राजाबहादूर’ म्हणून. देऊर हे सातारा जिल्ह्यातील गाव, घराण्याच्या जुन्या वतनापैकी. हिंगणीकरांचे नागपूरकर झाले होते, ते शंभराहून अधिक वर्षांनी नावापुरते पुन्हा कृष्णेच्या खोऱ्यातील एका गावाचे झाले. राहावयास मात्र नागपुरातच, महालातल्या वाड्यात. ज्या दत्तकास १८५४ साली राज्याचा वारस मानण्यात आले नाही, त्यालाच सात वर्षांनी, १८६१ साली, घराण्याचा प्रमुख म्हणून पदवी देण्यात आली. सरकारी कागदात त्याचे नाव यशवंतराव नव्हते, जानोजी होते. म्हणजे नामकरण मान्य झाले, मुलूख तेवढा परत मिळाला नाही. नागपूरकर भोसल्यांची वंशावळ यापुढे कोणी संपादून छापावयाची ठरविली, तर तिसरा रघूजी आणि हा जानोजी यांच्यामध्ये काढावयाची रेषा अखंड असली पाहिजे, तिच्या शेजारी राण्यांची नावे असली पाहिजेत, आणि बाजीबा गुजर व यशवंतराव आहेरराव ही जन्मनावे कंसात दिली गेली पाहिजेत.